महाबळेश्वरची बेगमी

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात महाबळेश्वरला गेलात, तर डॉ. साबणे रस्त्यावरच्या चणे, चिक्की, चपलांच्या गर्दीतून बाहेर पडून मागच्या एखाद्या आळीत शिरावं. तिथे पश्चिमेच्या भिंतीला बांबूचे सांगाडे टेकवलेले असतात, अंगणात गवताच्या पेंढ्या रचलेल्या असतात आणि कौलांवर बसलेला माणूस खालच्याला ‘अजून चार दे’ म्हणून ओरडत असतो. पुढच्या रस्त्यावर हंगाम ऐन भरात आहे आणि मागच्या आळीत तो गुंडाळायला घेतलाय. पाहुण्यांना थंड हवेचा उन्हाळा दिसतो. गावाच्या लेखी मात्र हे पावसाआधीचे शेवटचे कोरडे दिवस आहेत. लग्नं, जत्रा, क्रिकेटचे सामने, मध काढणं, कुरडया, सगळं त्या दिवसांच्या हिशोबात बसवायचं असतं.

हिशोब साधा आहे. गाव समुद्रसपाटीपासून १३७२ मीटरवर, सह्याद्रीच्या अगदी कड्यावर. अरबी समुद्रावरून आलेला ढग पहिल्यांदा इथे आपटतो. वर्षाला साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पुण्यात वर्षभर मिळून सातशेच्या आसपास पडतो, यावरून अंदाज यावा. २०२१च्या जुलैत २२-२३ तारखेला तर चोवीस तासांत सहाशेच्या जवळपास मिलिमीटर पाऊस झाला, आंबेनळी घाटात दरडी आल्या आणि पोलादपूरकडची वाट तुटली. असं काही होणारच, असं धरून चालणारी माणसं मे महिन्यात सुट्टी घेत नाहीत.

इंग्रजांनीही पावसाची ही तारीख पाळली होती. गव्हर्नर माल्कमच्या काळात, १८२८च्या सुमारास इथे पेठ वसली, म्हणून तिचं नाव माल्कम पेठ. पुढे मुंबई सरकारचा कारभार उन्हाळ्यात इथून चाले आणि जूनमध्ये पावसाची चाहूल लागली की कचेऱ्या पेट्या भरून पुण्याला उतरत. मागे राहत ती इथलीच माणसं.

शाकारणीपासून, म्हणजे पावसाआधी छप्पर नीट करण्यापासून, सुरुवात होते. मंगलोरी कौलांचं छप्पर दरवर्षी परतावं लागतं, कारण वानरं उड्या मारून कौलं फोडतात आणि फांद्यांचा पाला पन्हळीत साचून कुजतो. एका चौरस मीटरला साधारण पंधरा कौलं लागतात. फुटकी किती ते खालून कळत नाही, म्हणून शंभरामागे दहा जास्तीची आणून ठेवायची. काम वळचणीपासून आढ्याकडे चढत जातं, म्हणजे वरचं कौल खालच्यावर बसतं. वर चालताना पाय कौलाच्या पोटावर न देता खाली रीप, म्हणजे कौलं पेलणारी आडवी पट्टी, असेल तिथेच द्यायचा. शाकारणी करणाऱ्यानेच सर्वांत जास्त कौलं फोडली, अशी तक्रार दरवर्षी ऐकू येते आणि ती बहुधा खरी असते. कौल उचललं की त्यावर बोटाने टिचकी मारून बघायची. खणखणीत वाजलं तर ठेवायचं, बद्द आवाज आला तर केसासारखी चीर आहे असं समजायचं. ती चीर जुलैत नेमकी गादीच्या वर गळते. आढ्याची कौलं चुन्या-सिमेंटात बसवलेली असतात. तिथला जोड उखडलेला असेल तर भर उन्हात नवा लावू नये. संध्याकाळी जुना जोड खरवडून, ओला करून लावावा, नाहीतर आठ दिवसांत भेगाळतो.

छपरापेक्षा भिंतीचं दुखणं मोठं. या गावचा पाऊस वरून कमी आणि आडवा जास्त येतो. घरं जांभ्याची. जांभा दिसायला दणकट, पण आतून मधाच्या पोळ्यासारखा सच्छिद्र. जूनमध्ये भिजला की दिवाळीपर्यंत वाळत नाही. आतल्या बाजूचा गिलावा फुगतो, भिंतीवर पांढरी खार येते, विजेच्या बटणाला हात लावला तर झिणझिण्या येतात. म्हणून पश्चिमेच्या आणि नैर्ऋत्येच्या भिंतींना गवताचे पडदे बांधायचे. त्यांना झडी म्हणतात.

झड बांधणं हे दिसतं तितकं सोपं नाही. बांबूचे उभे दांडे दीड-दोन फुटांवर, त्यांना आडव्या कांब्या बांधून चौकट करायची. त्यावर गवत पसरून दाबल्यावर तीन-चार बोटं जाड राहील इतकं घ्यायचं आणि बाहेरून दुसऱ्या कांबीने आवळायचं. ही बांधणी फूटभर अंतरावर यावी. अंतर वाढलं तर पहिल्याच वाऱ्यात मधलं गवत घसरून खाली पोट धरतं. रांगा खालून वर लावत जायचं आणि प्रत्येक वरच्या रांगेने खालचीवर वीतभर यायचं, कौलांसारखंच. भिंत आणि झड यांच्यात वीतभर पोकळी हवीच. झड भिंतीला चिकटली तर भिजलेलं गवत भिंतीला पाणी पाजत बसतं, मग ती नसलेली बरी. खालची कड जमिनीपासून हातभर वर ठेवायची, म्हणजे पाण्याचे शिंतोडे आणि वाळवी दोन्ही लागत नाहीत. आणि जांभ्यात खिळा ठोकायचा नाही. खिळ्याचं भोक म्हणजे पाण्याला आयती वाट. झड वाशांच्या टोकांना आणि जमिनीत रोवलेल्या खांबांना बांधतात.

पूर्वेची एक खिडकी उघडी ठेवतात, तीही विचार करूनच. चार महिने घरात तेवढाच उजेड. स्वयंपाकघराकडची झड सगळ्यांत शेवटी, मृगाच्या तोंडावर बांधायची, कारण मेच्या उन्हात वाळलेलं गवत आणि शेगडी शेजारी शेजारी नकोत.

आता बऱ्याच घरांना निळी ताडपत्री दिसते. गवत कापणारी माणसं मिळत नाहीत आणि मजुरी परवडत नाही, हे कारण खरंच आहे. पण ताडपत्री वाऱ्यात शिडासारखी फुगते आणि कडीपाशी फाटते. ताणून भिंतीला बांधली तर आतून घाम धरते आणि भिंत पावसाशिवायच ओली होते. बांधायचीच तर झडीसारखीच चौकटीवर, पोकळी ठेवून आणि वर-खाली वारा खेळेल अशी बांधावी. तशी फार कमी ठिकाणी दिसते. रंगाबद्दल न बोललेलं बरं.

ही कामं सावडीने होतात. आज या घरचं छप्पर, उद्या त्या घरचं. पैसे द्यायचे नाहीत. दोन वेळचा चहा आणि दुपारचं जेवण एवढाच खर्च. ज्याने सावडीला माणूस पाठवला नाही त्याच्याकडे पुढच्या वर्षी कोणी जात नाही, हे लिहून ठेवावं लागत नाही. झऱ्याची सफाईही तशीच. जांभ्याच्या पठारात पावसाचं पाणी मुरतं आणि खालच्या कातळावर अडून कड्याच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडतं. क्षेत्र महाबळेश्वरला कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री यांचे उगम एकाच देवळात मानतात, त्यामागेही हाच भूगोल असावा. मेमध्ये झरा बारीक होतो तेव्हा त्याच्या तोंडचा गाळ हाताने काढतात. हाताने, पहारीने नव्हे. पाणी वाढेल या आशेने कोणी कातळ फोडला की झरा दुसरी फट धरतो आणि दहा पावलं खाली, नको तिथे निघतो.

आता जत्रा. महाबळेश्वर तालुक्यातली कोयना खोऱ्यातली गावं आणि शेजारची जावळी इथल्या घराघरातलं कोणीतरी मुंबईत असतं. बरेचसे माथाडी, मशीद बंदराला किंवा वाशीच्या बाजारात. ही माणसं वर्षातून दोनदा हमखास येतात, गणपतीला आणि उन्हाळ्यातल्या जत्रेला. त्यामुळे ग्रामदैवताची पालखी, छबिना, कुस्त्या, लग्नं आणि जमिनीच्या वाटणीची भांडणं हे सगळं एप्रिल-मेच्या पंधरवड्यात उरकतं. घरटी पट्टी किती बसवायची हे गावकी ठरवते, मुंबईकरांची पट्टी गावाचं मुंबईतलं मंडळ गोळा करतं आणि दोन्ही हिशोब जत्रेच्या दुसऱ्या दिवशी देवळात वाचले जातात. हिशोब त्याच दिवशी वाचायचा, हा शहाणपणाचा नियम. मुंबईची गाडी सुटल्यावर उरलेला वाद पुढच्या उन्हाळ्यापर्यंत आंबतो.

तापोळ्याकडची काही गावं शिवसागर जलाशयाच्या पलीकडच्या काठावर आहेत. सामान लाँचने किंवा तराफ्याने न्यायचं. मेमध्ये जलाशयाचं पाणी खाली जातं, धक्का कोरडा पडतो आणि लाँच जिथे लागते तिथून वरपर्यंत गाळाचा उतार चढावा लागतो. डोक्यावर तांदळाचं पोतं असताना तो उतार दुप्पट वाटतो. म्हणून किराणा जत्रेच्या आधी चार दिवस, सकाळच्या पहिल्या फेरीला न्यायचा. गॅसच्या टाक्या आणि मंडपाचे बांबू त्याच्याही आधी.

गावजेवण पाचशे पानांचं धरू. तांदूळ माणशी शंभर ग्रॅम, म्हणजे पन्नास किलो. तूरडाळ अठरा-वीस किलो. बटाट्याची भाजी साठ किलो. लापशीला पंचवीस किलो रवा, तितकाच गूळ. चुकतं ते तांदळात. पन्नास किलो भात एका वेळी लावला तर तळ लागतो आणि मधला भाग गिच्च होतो. पंधरा-पंधरा किलोचे तीन टोप लावायचे आणि उरलेले पाच किलो तांदूळ दुसरी पंगत उठेपर्यंत धुवायचेही नाहीत. पंगतीला माणसं कमी आली तर कोरडा तांदूळ परत पोत्यात जातो. शिजलेला भात मेच्या दुपारी चार तासांत वास मारतो. डाळ तासभर आधी भिजवायची आणि ती मऊ होईपर्यंत तिच्यात चिंच-आमसूल घालायचं नाही. आंबट पडलं की डाळ तिथेच अडते.

डाळीवरून उंचीचा मुद्दा निघतो, आणि तो बाहेरच्या आचाऱ्यांना हमखास फसवतो. दर तीनशे मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एक अंश सेल्सिअसने उतरतो. तापोळ्याच्या काठावर पाणी ९८च्या आसपास उकळतं, वर महाबळेश्वरात साडेपंचाण्णवच्या जवळपास. खळखळा उकळतंय म्हणून डाळ शिजत असेल असं समजू नये. ती कमी तापमानाला उकळत असते. उघड्या पातेल्यात सव्वा ते दीडपट वेळ धरावा. कुकरमध्ये फरक कमी जाणवतो, पण एखादी शिट्टी जास्त लागतेच.

याच कारणाने घरचा स्ट्रॉबेरी जॅम बिघडतो. एप्रिल-मेमध्ये शेवटची फळं बारीक, गडद आणि स्वस्त येतात. ती जॅमचीच. किलोभर फळाला पाऊण ते एक किलो साखर आणि एका लिंबाचा रस. स्ट्रॉबेरीत जॅम घट्ट करणारं पेक्टिन कमी, म्हणून शंभरातली दहा-पंधरा फळं अर्धवट पिकलेली घ्यावीत. आता बहुतेक पुस्तकांत लिहिलेलं असतं की जॅम १०५ अंशांवर उतरवा. ते समुद्रकाठचं माप आहे. जॅम तयार होतो तो पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या वर साडेचार अंशांवर, म्हणजे महाबळेश्वरात १०० अंशांच्या आसपास. इथे १०५ची वाट बघत बसलं तर पाणी नको तितकं आटतं, साखर करपायला लागते, रंग विटकरी होतो आणि थंड झाल्यावर बरणीत चमचा उभा राहतो. तापमापक नसेल तर गार बशीवर थेंब टाकून बोटाने ढकलावा. सुरकुती पडली की उतरवावा. उलट घाई करून पातळ ठेवला तर जुलैच्या दमट हवेत वर बुरशीची टोपी येते. बरणी उकळून, पूर्ण वाळवून, गरम असतानाच भरायची.

तोवर स्ट्रॉबेरीच्या शेतातलं काम वेगळ्या दिशेला चाललेलं असतं. वाफ्यांवरची माती झाकणारा काळा मल्चिंग पेपर काढायचा, ठिबकच्या नळ्या धुऊन गुंडाळायच्या. पेपर मातीत नांगरला गेला तर त्याचे तुकडे वर्षानुवर्षं निघत राहतात. नवी रोपं वरच्या पावसात टिकत नाहीत, म्हणून मातृरोपं कमी पावसाच्या वाईच्या बाजूला लावून तिथे पावसाळाभर त्यांचे धावरे, म्हणजे रोपातून निघणाऱ्या आडव्या फांद्या, पिशव्यांत धरायचे आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात वर आणून लावायचे. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी म्हणून जी जगाला माहीत आहे, तिचं बालपण बरंचसं घाटाखाली जातं.

मधाचं वेळापत्रक याहून कडक. मार्च-एप्रिलमध्ये जांभूळ फुलते, त्या सुमारास हिरडाही येतो आणि सातेरी माशी पेटीतला मधाचा वरचा खण भरते. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२च्या मे महिन्यात ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झालं. तिथे आणि आसपासच्या गावांत जंगलाच्या कडेने पेट्या ठेवलेल्या दिसतात. मध काढायचा तो फ्रेमवरची निदान पाऊण घरं मेणाने बंद झाल्यावर. उघड्या घरातल्या मधात पाणी जास्त असतं, तो आंबतो आणि बाटलीचं बूच उडवतो. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात हवेत ओल येऊ लागली की बंद झालेला मधही यंत्रात फिरवताना ओल शोषतो. म्हणून कोरड्या दिवशी, सकाळी दहा ते तीनच्या मध्ये काम उरकायचं. खालच्या, पिल्लांच्या खणाला हात लावायचा नाही.

खरी चूक लोभाची. पावसात चार महिने फुलोरा नसल्यासारखाच आणि पाऊस थांबल्याशिवाय माशी बाहेर पडत नाही. वरचा सगळा मध उपसला तर वसाहत उपाशी राहते. मग साखर आणि पाणी समप्रमाणात घेऊन पाक द्यावा लागतो, तोही संध्याकाळी आणि पेटीच्या आत. दिवसा बाहेर सांडला तर शेजारच्या पेटीतल्या माश्या लूट करायला येतात. अशक्त झालेल्या वसाहतीत मेणकिडा शिरतो, पोळ्यात जाळी धरतो आणि एके दिवशी माश्या पेटी सोडून निघून जातात. दोन-तीन फ्रेम त्यांच्यासाठी ठेवणारा माणूस पाकाच्या साखरेचा खर्च वाचवतो. पेटीचे पाय पाण्याच्या वाट्यांत, मुंग्यांसाठी. तोंड पूर्वेला आणि पेटी पुढे किंचित कललेली, म्हणजे आत आलेलं पाणी बाहेर जातं. कारवी फुलायचं वर्ष असेल तर पाऊस संपतानाचा मध वेगळा मिळतो, पण ती फुलते सात-आठ वर्षांतून एकदा. तिच्या भरवशावर कोणी पेट्या ठेवत नाही.

कुरडया-पापडांना इथे पुण्यासारखा दिवसभर निर्धास्त उन्हाळा मिळत नाही. सकाळी धुकं आणि दुपारी तीननंतर वळिवाची शक्यता. म्हणजे साडेआठ-नऊला धुकं उठल्यावर घालायचं आणि दोनला उचलायचं. मधले पाच तासच हातात. गहू तीन दिवस भिजवायचे आणि पाणी रोज बदलायचं. एक दिवस जरी चुकलं तरी चिकाला आंबट वास येतो. दाट चिकाला तेवढंच पाणी, मीठ घालून शिजवताना उंचीमुळे इथे जास्त घाटावं लागतं. कच्चा राहिला तर सोऱ्यातून तार तुटते आणि वाळल्यावर कुरडईचा भुगा होतो. पारदर्शक, चमकदार झाला की झाला. पहिल्या दिवशी अर्धवट वाळलेल्या कुरडया डब्यात भरल्या तर गुलाबी बुरशी धरतात. रात्री घरात कापडावर पसरून ठेवायच्या आणि दुसऱ्या, तिसऱ्या दिवशी पुन्हा ऊन दाखवायचं. डबे भिंतीला लावून नाही, फळीवर ठेवायचे. पावसाळ्यासाठी भरायच्या तांदळाचाही दाणा दातांखाली कट् वाजला तरच तो भरण्याजोगा कोरडा.

या सगळ्या गडबडीत पर्यटकांची वाहतूक आडवी येते. वेण्णा तलाव साताऱ्याच्या छत्रपतींनी १८४२मध्ये बांधून घेतला तो पाण्यासाठी. आता मेच्या शनिवारी त्याच्या काठी गाड्यांची रांग लागते आणि पाचगणीहून वीस किलोमीटर यायला दोन-तीन तास जातात. गवत, कौलं, किराणा यांचे टेम्पो म्हणून पहाटे पाचला वाईतून निघतात आणि आठच्या आत पसरणीचा घाट चढून रिकामे होतात. तुम्ही पाहुणे म्हणून जाणार असाल तर दोन गोष्टी पाळा. आळीच्या तोंडाशी गाडी लावू नका, तिथून बांबू आत जायचे असतात. आणि वाळत घातलेल्या कुरडयांजवळ वाहन वळवू नका, लाल धूळ बसली की त्या टाकाव्या लागतात.

२५ मेच्या सुमारास रोहिणी निघतं, ७ किंवा ८ जूनला मृग. या पंधरा दिवसांत मुंबईकर परत गेलेले असतात आणि बाजारपेठेतले दुकानदार उरलेला माल प्लास्टिकमध्ये गुंडाळून वरच्या फळ्यांवर चढवत असतात. चणेवाला भट्टीची वाळू चाळून डब्यात भरतो, कारण ओली वाळू पुन्हा तापवताना फुटते. स्वयंपाकघराची झड आता बांधून होते आणि घरात दुपारीच दिवा लावावा लागतो.